उंबऱ्याबाहेर गेलेला विस्तव

मीनाकोरी, डोनेगल
३ मे १९५८

कॅसी,

घडलं ते असं:

१. परवा, १ मे रोजी सकाळी, आई गोठ्यात असताना मी जुन्या घराच्या चुलीतून जळते निखारे लोखंडी बादलीत घेतले आणि नव्या घरात नेले.

२. त्या निखाऱ्यांवर नव्या घराची चूल पेटवली. धुराड्याने पहिल्याच फुंकरीला धूर ओढला.

३. आईने गोठ्याच्या दारातून तो धूर पाहिला.

४. ती नव्या घरात आली. पाया खणल्यापासून पहिल्यांदाच. तिने चिमटा मागितला. मी दिला.

५. तिने सगळे निखारे वेचून बादलीत भरले, जुन्या घरात परत नेले आणि जुन्या चुलीत ठेवले.

६. नवं घर रिकामं आहे.

तीन वर्षांनी माझं पत्र येतं आणि त्यात हे असं, म्हणून तू हसशील. हस. मला गोष्टी अशाच लिहिता येतात.

मेच्या पहिल्या दिवशी घरातून विस्तव बाहेर जाऊ देत नाहीत, हे तुला सांगायला नको. विस्तव नाही, दूध नाही, मीठ नाही. कुणी पाइप पेटवायला आला तर त्याला तो चुलीपाशी बसवून संपवायला लावतात, मगच उठू देतात. आणि त्या सकाळी गावातला पहिला धूर आपला नसावा म्हणून बायका एकमेकींच्या छपराकडे बघत थांबतात. मी दोन्ही केलं. परवा मीनाकोरीतला पहिला धूर निघाला तो जिथे कुणीच राहत नाही त्या घरातून.

१ तारीख का धरली, तर घर कागदोपत्री १ मेपासून राहतं दाखवायचं होतं. मला कार्यालयातून रजा मिळाली होती. चुना वाळला होता.

दुपारी कॉन्डी आला. तू गेलीस तेव्हा आपलं छप्पर तोच शाकारायचा, अजूनही तोच शाकारतो. अर्ध्या दारावर कोपरं टेकून उभा राहिला.

"काय इंजिनीअरबाई," तो म्हणाला, "घराचं नशीब किती अंशांत वळून बाहेर पडलं, ते मोजलंत का?"

मी इंजिनीअर नाही, नकाशे काढणारी आहे, हे त्याला चारदा सांगून झालं आहे.

"तिला बोलू नकोस रे," आई म्हणाली. "तिच्या ध्यानात राहिलं नसेल. कॅसी असती तर राहिलं असतं."

हे वाक्य मी जसंच्या तसं दिलं आहे.

घर का सोडायला हवं ते तुला कळलं पाहिजे. चुलीवर छपराचे वासे पेलणारी लाकडी कैची तडकली आहे. तिचा उत्तरेकडचा पाय भिंतीत जिथे बसतो तिथे लाकूड इतकं कुजलंय की सुई दाबली तर आत जाते. वर गवताचे किती थर चढले आहेत ते कॉन्डीलाही सांगता येत नाही. दर वेळी जुन्यावर नवं घातलं, खालचं कधी काढलं नाही. ते भिजलं की त्याचं वजन वाढतं. त्या कैचीच्या बरोबर खाली, चुलीशेजारच्या कोनाड्यात, आईचा पलंग आहे.

ईस्टरला मी तिला हे कागदावर काढून दाखवलं. ती म्हणाली, "जाऊ की. कॅसी येईल तेव्हा तिच्या हाताने विस्तव नेऊ, मग जाऊ."

तू येणार असल्याचं तू कुणालाही कळवलेलं नव्हतं.

तुला माहिती असावी म्हणून लिहिलं. तक्रार नाही.

उना


१४ मे

कॅसी,

तुझं पत्र पोचलं. मी लिहिलं होतं, उत्तर आईच्या नावाने आलं. आईला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणजे वाचणार मीच हेही ठाऊक होतं.

मी शब्दन् शब्द वाचला. तू लिहिलंस, ग्लासगोत भिंतीतली गॅसची चावी फिरवली की निळी आग येते, ती कुणी बादलीत घालून आणावी लागत नाही, आणि मेच्या पहिल्या तारखेला तू इमारतीतल्या सगळ्या बायकांना काड्या वाटल्यास तरी अजून तुझ्या दुधाला काही झालेलं नाही, कारण ते बाटलीतूनच येतं. आई इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. "बघ कशी बोलते कार्टी!" म्हणाली. पुन्हा वाचायला लावलं. त्याच जागेवर पुन्हा हसली.

जानेवारीत मी म्हटलं होतं की नवी चूल काडेपेटीनेही पेटेल. त्यावर ती रविवारपर्यंत माझ्याशी बोलली नव्हती.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "उनाला विचार, तारीख खरंच तिच्या लक्षात नव्हती का?" तेही मीच मोठ्याने वाचलं. आईने काही विचारलं नाही. चुलीतलं पीटच्या जळाऊ मातीचं एक ढेकूळ चिमट्याने सरळ केलं, बस.

माझं उत्तर: पहिल्या पत्रात कैचीबद्दल लिहिलं आहे, ते परत वाच.

इकडची बातमी. लोणी दोनदा निघालं नाही. दूध गार होतं, म्हणून निघालं नाही. मी कार्यालयातला थर्मामीटर आणून आईला पारा दाखवला.

"बरं झालं आणलास," ती म्हणाली. "आता नशिबाला ताप आलाय का तेही बघ."

कॉन्डी चुलीपाशी बसला होता, तो खोकला येईपर्यंत हसला. पण तुझ्या स्टुलावर बसला नाही. त्यावर कुणीच बसत नाही. ते चुलीच्या डाव्या अंगाला असतं, मी उजवीकडे बसते. परवा टपालवाला बसू लागला तर आई म्हणाली, "ते नको, ते कॅसीचं. बाकावर बस." तू जाऊन नऊ वर्षं झाली. कुणी नवीन आलं की तुझ्या हाताची गोष्ट निघते: कॅसीने राखेखाली झाकलेला विस्तव सकाळी नुसता उघडला तरी लाल असायचा, फुंकावा लागायचा नाही. ही गोष्ट माझ्यासमोर सांगतात. नऊ वर्षं रात्री तो विस्तव मी झाकते आहे. एकदाही विझलेला नाही. फुंकावा लागतो, हे खरं.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या मातीला तू आलीस त्या रात्रीचंही इथे बोलतात. कुणालाही न विचारता तू चिमटा उचललास, निखारे राखेत झाकलेस आणि बायका म्हणाल्या, घराला घरची बाई मिळाली. दुसऱ्या दिवशी मी तुला बसची वेळ सांगितली. त्यावर तू म्हणालीस, "तू घर मोजतेस, उना. राहत नाहीस त्यात."

मी राहते, कॅसी. बाकी सगळं जाऊ दे, पण पत्ता बघितलास तरी कळेल.

उना


२८ मे

कॅसी,

काल दुपारी कैचीचा पाय भिंतीतून सुटला. पूर्ण नाही, पण वरचा वासा खचला आणि गवताखालचा मातीचा थर तुटून आईच्या पलंगावर पडला. मुळांसकट, गादीइतका तुकडा. आई तेव्हा ओट्यावर भाकरीचं पीठ मळत होती. ती पलंगाशी गेली, माती बघितली आणि म्हणाली, "या वयात कोण आलं माझ्या पलंगात!"

मी कॉन्डीला बोलावलं. आम्ही दोघांनी एक सोट आणून कैचीखाली टेकू दिला. वर जाऊन पाहिल्यावर तो खाली आला तेव्हा थट्टा करत नव्हता. म्हणाला, उन्हाळा निघेल. शरदातला पाऊस एकदा गवतात मुरला की टेकूसकट सगळं खाली येईल, आणि पुढच्या शाकारणीसाठी त्यावर चढायला तो तयार नाही.

"ऐकलंस?" मी आईला विचारलं.

"कान आहेत मला."

"मग उद्या चल."

"कशाने? थंड चुलीच्या घरात जाऊ? माझ्या सासूने हा विस्तव तिच्या सासूच्या घरातून आणला. तू तो चोरासारखा मागल्या दाराने नेलास, तोही त्या दिवशी. आता तो तुझ्या हातून परत जायचा नाही."

मी पुढच्या दाराने नेला होता. हे मी बोलले नाही.

नवं घर तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. मी त्यात सगळीकडे बसते तशी लोखंडी शेगडी घातली नाही. उघडी चूल ठेवली, जुन्या घरात होती त्याच दिशेला. चुलीशेजारी कोनाडा काढला. तो बाहेरून भिंतीच्या पुढे येतो, म्हणून गवंड्यांनी चेष्टा केली की घराला फोड आलाय. त्या कोनाड्यात आईचा पलंग बसतो. १ मे रोजी ती आली तेव्हा त्याच्यावरून पुढे गेली, नजरही वळवली नाही. तिची नजर निखाऱ्यांवर होती.

आता तुझ्या दुसऱ्या पत्राबद्दल. तेही आईच्या नावाने. "तुझं आणि उनाचं जमत नसेल तर तू इकडेच ये. एक खोली आहे, विस्तव नको, काही नको, नुसती ये." मी हेही मोठ्याने वाचलं. तुझी कल्पना असेल की असं काही मी वाचताना गाळीन. गाळलं नाही.

आई या वेळी हसली नाही. मग म्हणाली, "तिच्या खिडकीतून काय दिसतं गं?"

मी सांगितलं, "समोरच्या इमारतीची भिंत."

मी ग्लासगो पाहिलेलं नाही. तुझ्या खिडकीतून काय दिसतं मला माहीत नाही.

ती म्हणाली, "भिंतीकडे बघायला काय हरकत आहे, मुलगी बाजूला असेल तर."

मी तेव्हा तिच्या बाजूलाच बसले होते.

पुढचं पत्र माझ्या नावाने लिही. मला उत्तर नको असेल असं समजून तू तिला लिहीत असशील, तर तसं नाही.

उना


६ जून

कॅसी,

हे शेवटचं, आणि यात मागणं आहे. आधी काय झालं ते.

रविवारी प्रार्थनेनंतर कॉन्डी घरी आला. आईने त्याला चहा दिला आणि त्याने चहात पाव बुडवत बुडवत, माझ्याकडे न बघता, विषय काढला.

"बाई, मेच्या पहिल्या दिवशी गेलेलं नशीब परत आणायचा दिवसही असतो ना? सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी सगळा गाव होळी पेटवतो. त्या संध्याकाळी विस्तव घराबाहेर न्यावा, शेतात न्यावा, नव्या घरात न्यावा. कुणी वाईट म्हणत नाही. उलट नेला नाही तर म्हणतात."

"हे तू आत्ता सांगतोस?" मी म्हटलं.

"मला कुणी विचारलं? तुम्ही थर्मामीटर आणलात, मला वाटलं त्यात सगळं कळतं."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मला विचारलं, "त्या कोनाड्यात माझा पलंग बसेल?"

"बसेल. मी मोजलाय."

"तू मोजलायस ते मला माहीत आहे. डोकं कुठल्या बाजूला येईल?"

"चुलीच्या."

"हं." एवढंच. पण कॉन्डीने कप खाली ठेवला आणि मला डोळा मारला. मला वाटलं, झालं.

तो गेल्यावर आई म्हणाली, "मग कॅसीला लिही. तेवीस तारखेला ये म्हणावं. तिने विस्तव उचलायचा."

मी उभी होते. मी विचारलं, "कॅसीच का? हा विस्तव नऊ वर्षं कुणी जपला?"

"तू."

"गाईची, गवताची, तुझ्या डोळ्यांच्या औषधाची, सगळ्याची काळजी कोण घेतं?"

"तूच की. कोण नाही म्हणतंय?"

"मग?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. मी काहीतरी साधंच विसरले असल्यासारखं तिने मला समजावलं.

"अगं, तुला त्या घरात शिरायला विस्तव लागतो का? दगडन् दगड तुझा आहे तिथे. मी गेले तरी तू तिथे राहणार. तिचं काय आहे त्या घरात? इथे तिचं स्टूल आहे, तिने दाराच्या चौकटीवर कोरलेलं काहीबाही आहे. हे छप्पर उतरवलं की तेही गेलं. मग ती येणार ती पाहुणी म्हणून. बाकाच्या कडेला बसणार, कोट काढणार नाही, चहा घेऊन निघणार. आणि पुढच्या वर्षी तेवढंही नाही. पण ज्या बाईने चूल पेटवली, ती त्या घरात कधी पाहुणी होत नाही. उद्या तुम्ही दोघी एकमेकींशी बोललात नाहीत तरी तिला आत यायला कुणाची परवानगी लागणार नाही. तुझीसुद्धा नाही."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू काय?"

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. ती खरोखर वाट बघत होती, मी काय म्हणते त्याची. मी म्हटलं, काही नाही. आणि गाय बांधायला गेले.

गेले पाच दिवस मी यावर विचार करते आहे. तिचं म्हणणं चूक आहे असं मला दाखवता आलेलं नाही. तू गेलीस म्हणून तुझ्यासाठी जागा राखावी लागते. मी गेले नाही, म्हणून माझी जागा कुणाला दिसत नाही. माणूस भिंतीकडे बघतो का? भिंत कलली तरच बघतो. मी कधी कलले नाही. हे मी अभिमानाने लिहायला घेतलं होतं, पण वाचताना तसं वाटत नाही.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर देणं लागते. तारीख लक्षात होती. १ मेला मला घाई होती. ती छपराची नव्हती. याहून जास्त लिहिणार नाही.

आता मागणं.

सेंट जॉनची आदली संध्याकाळ सोमवारी, २३ जूनला आहे. शनिवारच्या बोटीने निघालीस तर रविवारी सकाळी डेरीला उतरशील. तिथून बस आहे. चौरस्त्यावर कॉन्डी गाडी घेऊन उभा राहील. त्याला मी सांगितलं आहे, तो तुला काय काय ऐकवायचं याची तयारी करतो आहे. सोमवारी गाव टेकडीवर होळीपाशी जमेल. त्याआधी, उजेड असताना, चुलीतले निखारे मी बादलीत भरेन. बादली तू उचलायचीस. आई तुझ्या मागून चालेल आणि मी तिच्या मागून, पायवाट ओबडधोबड आहे आणि तिला कडेचं दिसत नाही म्हणून. चूल तू पेटवायचीस. नव्या धुराड्याची ओढ जोरात आहे. सुरुवातीला पीट कमी घाल.

तू यावंस असं मला वाटत नाही. हे लपवून तुझ्याकडे काही मागणं बरोबर होणार नाही, म्हणून लिहिलं. तू आलीस की ती हसेल. त्या घराची रेघन् रेघ मी काढली, आणि त्यात ती तुझा हात धरून शिरेल, आणि लोक वर्षानुवर्षं सांगतील की मीनाकोरीतल्या त्या घराची चूल कॅसीने पेटवली. मी ते ऐकत तिथेच बसलेली असेन.

तरीही ये. मी सांगून, मोजून, काढून दाखवून ती त्या छपराखालून हलली नाही. तू नुसती आलीस की हलेल. मला तिला तिथून बाहेर काढायचं आहे, आणि त्यासाठी तू लागतेस.

येणार की नाही, एवढंच शनिवार, १४ जूनपर्यंत कळव.

उना